श्रद्धा, बलिदान आणि छळ : यहुदी कथासाहित्याचे कोकण किनाऱ्यावरून एक वाचन

प्रस्तावना

यहुदी समाजाविषयी मराठीत जे वाचले जाते ते मुख्यतः दोन प्रकारचे आहे. एक, दुसऱ्या महायुद्धातील संहाराविषयीचे. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने आणि अॅन फ्रँकच्या दैनंदिनीच्या अनुवादाने हा विषय मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. दुसरे, इस्रायल राष्ट्राच्या उभारणीविषयीचे. ना. ह. पालकर यांच्या ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’ या पुस्तकाचे नावच त्यामागील दृष्टी सांगून जाते. पहिल्या प्रकारात यहुदी माणूस बळी असतो, दुसऱ्यात योद्धा. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. परंतु शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवा लागला की नाही याची चिंता करणारा, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणारा आणि त्याच कर्जावरून देवाला जाब विचारणारा जो माणूस आहे, तो या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही. त्याची भेट कथा-कादंबऱ्यांतच होते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतून हे कथासाहित्य शिकविले जाते तेव्हा त्याची ओळख बहुधा ‘छळाचे साहित्य’ अशी करून दिली जाते. प्रस्तुत लेखात त्याचे थोडे निराळे वाचन सुचवावयाचे आहे. छळ हा या साहित्याचा वारंवार येणारा प्रसंग आहे. पण त्या प्रसंगातून जो प्रश्न उभा राहतो तो असा की, श्रद्धेच्या नावाने बलिदान मागण्याचा अधिकार कोणाला आणि त्याची किंमत प्रत्यक्षात कोण चुकविते? हा प्रश्न तपासण्यासाठी पूर्व युरोपइतकाच आपला कोकण किनाराही उपयोगी पडतो. सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे तेरेखोल नदीकाठचे गाव. नदीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. येथून दक्षिणेस, जुन्या गोव्यात, यहुदी वंशाच्या माणसांना केवळ गुप्तपणे जपलेल्या श्रद्धेसाठी जिवंत जाळण्यात आले. येथून उत्तरेस, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, त्याच धर्माची माणसे शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवीत निर्वेधपणे जगली. एकाच किनाऱ्यावर एकाच श्रद्धेला दोन भिन्न दैवे लाभली आणि त्यांतून दोन भिन्न प्रकारचे साहित्य निर्माण झाले.

इसहाकाचे बंधन आणि चिलयाची कथा

यहुदी परंपरेतील बलिदानाची मूळ कथा ‘उत्पत्ती’च्या बाविसाव्या अध्यायात आहे. देव अब्राहामाची परीक्षा पाहतो. एकुलता लाडका पुत्र इसहाक याचे होमार्पण कर म्हणून सांगतो. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे तोडतो आणि तिसऱ्या दिवशी त्या डोंगराशी पोहोचतो. वाटेत मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे? बाप उडवाउडवीचे उत्तर देतो. सुरी उचलली जाते त्या क्षणी देवदूत त्याला थांबवितो आणि झुडपात अडकलेला एडका मुलाच्या जागी अर्पण होतो. हिब्रू परंपरा या कथेला ‘अकेदा’ म्हणजे ‘बंधन’ म्हणते. मुलाला बांधले, मारले नाही, हे त्या नावातच नोंदलेले आहे.

मराठी वाचकाला येथे श्रियाळ-चांगुणेची आठवण होणे स्वाभाविक आहे. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’तून आणि त्याहूनही अधिक जात्यावरच्या ओव्यांतून ही कथा आपल्याकडे रुजली. अतिथी होऊन आलेला शिव एकुलत्या चिलयाच्या मांसाचे भोजन मागतो. मस्तक उखळात कांडावे, तेही डोळ्यांत अश्रू न आणता, असा हट्ट धरतो. आणि शेवटी निपुत्रिकाच्या घरी जेवणार नाही म्हणून पानावरून उठू लागतो. चांगुणा मुलाला हाक मारते आणि चिलया धावत येतो. दोन्ही कथांत परीक्षा आहे, एकुलता मुलगा आहे आणि शेवटी मुलगा परत मिळतो. तरीही दोहोंत मोठे अंतर आहे. चिलयाच्या कथेत बलिदान पूर्ण होते आणि मग चमत्काराने उलटविले जाते. अब्राहामाच्या कथेत ते होण्याआधीच थांबविले जाते. त्याहून महत्त्वाचा भेद आईचा आहे. मराठी कथेचा सगळा भार चांगुणेवर आहे. कांडणारी ती, गाणारी ती, हाक मारणारी तीच. हिब्रू कथेत सारेला काही विचारलेच जात नाही. पुढच्याच अध्यायाच्या आरंभी तिच्या मृत्यूची वार्ता येते. नंतरच्या यहुदी भाष्यकारांना ही शांतता सोसवली नाही. मुलगा वेदीवर बांधला गेला हे ऐकून तिचा प्राण गेला, अशी जोड त्यांनी दिली.

मूळ कथेतील आणखी एक जागा कथाकारांच्या दृष्टीने मोलाची आहे. अब्राहाम डोंगरावरून परतला असे मजकूर सांगतो. इसहाक त्याच्याबरोबर परतला असे सांगत नाही. शिवाय हाच अब्राहाम चार अध्याय आधी सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करताना दिसतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील ना, पंचेचाळीस सापडले तर, तीस, वीस, असे करीत तो देवाला दहावर आणतो. परक्या शहरासाठी इतका वाद घालणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्दही बोलत नाही. पुढच्या काळातील यहुदी धर्मोपदेशकांनी बहुधा डोंगरावरच्या मूक अब्राहामाचा गौरव केला. कथाकारांना मात्र सदोमासाठी भांडणारा अब्राहाम जवळचा वाटला असे म्हणता येईल.

मधल्या शतकांत इतिहासाने या कथेला एक भयंकर वळण दिले. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या जथ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ इत्यादी नगरांतील यहुदी वस्त्यांवर हल्ले केले. बाप्तिस्मा किंवा मृत्यू, असा पर्याय पुढे आल्यावर अनेक आईबापांनी स्वतःच्या मुलांना आपल्या हातांनी मारले व मग स्वतः मरण पत्करले. त्या घटनांचे हिब्रू वृत्तान्त लिहिणाऱ्यांनी हे प्रसंग अकेदाच्याच भाषेत मांडले, आणि या वेळी कोणी देवदूत आला नाही ही खंतही व्यक्त केली. देवाच्या नावाचे पावित्र्य राखण्यासाठी मरणे या अर्थी ‘किद्दुश हाशेम’ ही संज्ञा तेव्हापासून यहुदी स्मृतीत अधिकच खोल गेली. आधुनिक यहुदी कथेला हा वारसा मिळाला. तो तिने मुकाट्याने शिरावर घेतला नाही.

हौतात्म्याकडे पाहण्याची वाकडी नजर

यिद्दिश कथेचा एक प्रवर्तक आय. एल. पेरेट्स याची ‘तीन भेटी’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एका सामान्य माणसाचा आत्मा स्वर्गाच्या दारी येतो. त्याची पापे आणि पुण्ये तराजूत अगदी समसमान भरतात. त्यामुळे त्याला नरकात धाडता येत नाही की स्वर्गात घेता येत नाही. सिद्धपुरुषांसाठी तीन सुंदर भेटी आणशील तर दार उघडेल, असे त्याला सांगितले जाते. आत्मा पृथ्वीवर भटकतो. पहिली भेट म्हणजे चिमूटभर माती. दरोडेखोरांनी धन समजून जिची पिशवी ओढली त्या पवित्र भूमीच्या मातीसाठी एका वृद्धाने प्राण दिलेला असतो. दुसरी भेट एक टाचणी. घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेण्याची शिक्षा झालेल्या तरुणीने आपले वस्त्र ढळू नये म्हणून ते स्वतःच्या मांसात टाचून घेतलेले असते. तिसरी भेट एक टोपी. फटके मारणाऱ्या शिपायांच्या दोन रांगांमधून जाताना डोक्यावरून पडलेली टोपी उचलण्यासाठी एक कैदी मागे वळतो आणि त्यातच कोसळतो.

कथा येथे संपली असती तर ती एक उत्तम धार्मिक बोधकथा ठरली असती. पेरेट्स तिला शेवटी टोचणी लावतो. स्वर्गातील सिद्धपुरुष त्या भेटींची वाखाणणी करतात. अतिशय सुंदर आहेत, उपयोग मात्र काही नाही, अशा अर्थाचा अभिप्राय देतात. स्वर्गात हौतात्म्य ही शोभेची वस्तू झालेली आहे! मातीवर, टाचणीवर आणि टोपीवर जे रक्त सांडले ते एका मध्यम प्रतीच्या आत्म्याच्या प्रवेशशुल्कापोटी जमा झाले. श्रद्धावान वाचकाला ही कथा वंदनीय वाटते आणि संशयी वाचकाला जळजळीत; दोघांनाही ती एकाच शब्दांत सांगितलेली आहे. वर्गात शिकविण्यासाठी या विषयावर यापेक्षा चांगली कथा प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

शोलेम अलेखेमचा दूधवाला तेव्ये हा याच घराण्यातला. १८९४ ते १९१४ या वीस वर्षांत सुट्यासुट्या लिहिल्या गेलेल्या या कथांत तेव्ये धर्मग्रंथांतील वचने चुकीच्या ठिकाणी, पण मार्मिकपणे वापरतो आणि घोडा हाकताहाकता देवाशी हिशेब करतो. आपल्याकडच्या वाचकाला विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांची आठवण होईल; मात्र तेव्येच्या भांडणाला शेवटी आलिंगन नाही. शेवटच्या कथांपैकी एकीत पोलीस येऊन त्याला पिढीजात गाव सोडण्याचा हुकूम देतात. त्या कथेचे हिब्रू शीर्षक म्हणजे देवाने अब्राहामाला देश सोडून निघण्याविषयी केलेल्या आज्ञेतले शब्दच होत. देवाची आज्ञा आता फौजदाराच्या तोंडून येते, हा त्यातला उपरोध.

आयझॅक बाशेव्हिस सिंगर (नोबेल पारितोषिक, १९७८) याने छळानंतरच्या माणसाकडे लक्ष दिले. १६४८ मध्ये ख्मेलनित्स्कीच्या बंडात पोलंड-युक्रेनमधील यहुदी वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. ‘सेटन इन गोराय’ या कादंबरीत त्या संहारातून उरलेले गाव खोट्या तारणहाराच्या नादी लागून स्वतःच्याच हातांनी कसे नासते हे त्याने दाखविले. १९६२ च्या ‘द स्लेव्ह’मध्ये त्याच संहारात कुटुंब गमावलेला याकोब डोंगरातल्या शेतकऱ्यांकडे गुलाम आहे. ग्रंथ नाही, सोबत नाही, दिनदर्शिका नाही. तो धर्माच्या सहाशे तेरा आज्ञा आठवून आठवून खडकावर कोरीत बसतो. एखादी आठवते, पुढची निसटते. छळाचे एवढे मोठे दृश्य बाजूला ठेवून सिंगर आपल्याला एका माणसाच्या स्मरणशक्तीपाशी आणून बसवितो. ही प्रतिमा लक्षात ठेवावी. कोकणातील शनिवार तेल्यांकडे वळताना ती पुन्हा उपयोगी पडेल.

बर्नार्ड मॅलमडच्या ‘द फिक्सर’ (१९६६) या कादंबरीचा आधार कीव्ह येथील मेंडेल बेलिसवरील खटला हा होता. १९११ मध्ये एका ख्रिस्ती मुलाचा धार्मिक विधीसाठी खून केल्याचा खोटा आळ बेलिसवर आला आणि १९१३ मध्ये तो निर्दोष सुटला. मॅलमडचा नायक याकोव्ह बोक हा नास्तिकप्राय आहे. धर्म सोडून, वस्ती सोडून तो शहरात आला आहे. छळणारे त्याच्या श्रद्धेची चौकशी करीत नाहीत. त्याच्या जन्माची करतात. कबुलीजबाब दे, सुटशील, असे त्याला पुन्हापुन्हा सांगितले जाते आणि तो नाकारतो. ज्या देवाला तो मानत नाही त्याच्यासाठी हे नाकारणे नाही. आपल्या एका खोट्या शब्दावर हजारो घरे जाळली जातील, एवढेच त्याला कळते.

एली वीझेलच्या ‘नाइट’विषयी (यिद्दिश आवृत्ती १९५६, फ्रेंच १९५८) बरेच लिहिले गेले आहे. ते आत्मकथन की कथा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट भारतीय वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. आपल्या परंपरेतील छळलेला श्रद्धावान म्हणजे प्रल्हाद. कडेलोट, विष, अग्नी या सर्वांतून तो वाचतो आणि शेवटी खांब दुभंगतो. वीझेलच्या छावणीत एका लहान मुलाला फाशी दिले जाते, सर्व कैद्यांना समोरून चालविले जाते, आणि खांबातून कोणी प्रकट होत नाही. देव कोठे आहे, या प्रश्नाला निवेदकाच्या मनात मिळणारे उत्तर त्या फासाकडेच बोट दाखविते.

तेरेखोलच्या दक्षिणेस

पोर्तुगालच्या राजाने १४९७ मध्ये आपल्या राज्यातील यहुद्यांचे सक्तीने धर्मांतर घडवून आणले. या बाटविलेल्या माणसांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. १५०६ मध्ये लिस्बनमध्ये त्यांचे हत्याकांड झाले, १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मचौकशीची न्यायसभा स्थापन झाली आणि १५६० मध्ये तिची शाखा गोव्यात आली. मधला काही काळ वगळता ती १८१२ पर्यंत चालू राहिली. १५६१ ते १७७४ या काळातील १६,२०२ खटल्यांची नोंद सांगितली जाते. पुढे तिचा मुख्य रोख स्थानिक बाटलेल्या हिंदूंकडे वळला. मंगेशी, शांतादुर्गा आदी दैवते या काळात नदीपलीकडे हलविली गेली हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. आरंभीच्या दशकांत मात्र तिचे पहिले भक्ष्य होते हे नवख्रिस्ती. (पेडणे महाल पोर्तुगीजांकडे १७८८ मध्ये, नव्या काबिजादीत गेला. त्यामुळे सोळाव्या शतकात आरोंद्यासमोरचा काठ अजून त्यांच्या सत्तेबाहेरच होता.) या विषयावरील ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा १९६१ सालचा महत्त्वाचा ग्रंथ अ. का. प्रियोळकर या मराठीच्याच संशोधकाने सिद्ध केला, याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे.

या न्यायसभेची रीत अशी की आरोपीला आरोप सांगितला जात नसे आणि फिर्याद करणाऱ्याचे नावही कळू दिले जात नसे. काय केलेस ते तूच आठव, आणि तुझ्याबरोबर कोण होते त्यांची नावे दे, एवढेच म्हटले जाई. १६७० च्या दशकात या कोठडीत राहिलेल्या शार्ल देल्लाँ या फ्रेंच वैद्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात ही रीत तपशीलवार वर्णन केली आहे. कथासाहित्याच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे. येथे छळ म्हणजे बाहेरून येणारी झुंड नव्हे. येथे छळ घरातून, पंगतीतून, नात्यातून उकलत जातो.

गार्सिया द ओर्ता याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. यहुदी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा ‘कोलोक्विओस’ हा भारतीय औषधींवरील ग्रंथ गोव्यातच १५६३ मध्ये छापला गेला. हा ग्रंथ संवादरूप आहे. एक बोलणारा स्वतः ओर्ता, दुसरा डॉ. रुआनो, नुकताच युरोपातून आलेला, पुस्तकी अधिकारावर भिस्त ठेवणारा. रुआनो हे पात्र कल्पित आहे. तोही ओर्ताप्रमाणेच सालामांका आणि अल्काला येथे शिकलेला. म्हणजे ओर्ताने आपलेच दोन भाग समोरासमोर बसविले: एक प्राचीन ग्रंथकारांना प्रमाण मानणारा, दुसरा डोळ्यांनी पाहिले तेच खरे म्हणणारा. हे औषधींविषयी आहे, धर्माविषयी नाही, हे मान्य. तरीही जन्मभर दोन तोंडांनी बोलणे ज्याला भाग पडले त्याने ग्रंथासाठी नेमका संवादाचा घाट निवडावा, हा योगायोग मानणे कठीण जाते. यास यहुदी कथासाहित्य म्हणावे काय, असा आक्षेप येईल. काटेकोर अर्थाने नाही. पण मुखवटा हे ज्याचे मुख्य साधन आहे अशा साहित्याचे हे आपल्या किनाऱ्यावरचे आरंभीचे पान आहे.

ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर बहीण कातारिना हिला अटक झाली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांतून ओर्ताही मनाने यहुदीच होता असे न्यायसभेने ठरविले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. पणजीतील एका सार्वजनिक उद्यानाला आज त्याचे नाव आहे.

या काळावर थेट कादंबरी यावयास चार शतके लागली. मूळचे न्यूयॉर्कचे आणि पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेले रिचर्ड झिमलर यांनी ‘द लास्ट कबॅलिस्ट ऑफ लिस्बन’मध्ये १५०६ चे हत्याकांड रंगविले आणि २००५ च्या ‘गार्डियन ऑफ द डॉन’मध्ये त्याच झार्को घराण्याची पुढची पिढी गोव्याच्या सीमेवर आणली. हे कुटुंब पोर्तुगीज हद्दीबाहेर, विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात राहते. बाप हस्तलिखिते चितारतो. आधी बाप आणि मग मुलगा तियागो न्यायसभेच्या हाती सापडतो. आपल्याला कोणी धरून दिले, हा प्रश्न तियागोला पोखरतो. सुटल्यावर तो ज्या रीतीने सूड घेतो तिचा साचा लेखकाने शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतला आहे, आणि इयागोची जागा छळ सोसलेल्या नायकालाच दिली आहे. कादंबरीतील भारतीय जीवनाचे चित्र काही ठिकाणी परक्या नजरेचे वाटते. पण छळ माणसाला पवित्र करतो हा सोपा समज ती मोडते. छळणाऱ्याची रीत छळलेल्याच्या अंगी कशी भिनते हे ती दाखविते. ‘छळाकडून बळाकडे’ या वाटचालीचा हाही एक अर्थ असू शकतो.

उत्तरेस : छळाविना श्रद्धा

अलिबागजवळ नौगाव येथे फुटलेल्या गलबतातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती एवढे उरले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनिवार तेली’. खडकावर आज्ञा कोरणारा सिंगरचा याकोब आणि हे तेली यांत फरक एवढाच की यांच्या विस्मरणामागे कोणाची तलवार नव्हती. गावावरून पडलेली पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावेच ते कोकणात किती मुरले याची साक्ष आहेत.

मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन जगभरचे यहुदी उपवास करून, जमिनीवर बसून पाळतात. बेने इस्रायलांत तो ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई, कारण उपवास सुटे तो वालाच्या बिरड्याने. शोकाचे स्मरण राहिले, पण त्याला नाव मिळाले ते कोकणातल्या स्वयंपाकघरातले. प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफळणीचा सण’ झाला. एलियाहू हन्नाबीला नवस बोलून मलिदा वाहण्याची चाल या समाजाच्या श्रद्धेचा गाभाच बनली.

साहित्याच्या बाबतीतही हेच घडले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह सचित्र छापली गेली. मिसरातल्या दास्यमुक्तीची कथा मराठीत आली. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलांनी कीर्तनसंस्थाच आपलीशी केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहामादी पूर्वजांची चरित्रे निरूपण, साक्या, दिंड्या आणि आर्या यांत बांधली. इसहाकाच्या बंधनाची कथा अशा कीर्तनात ऐकणाऱ्या श्रोत्याच्या कानांत शेजारच्या जात्यावरचा चिलयाही असणार, असे मानण्यास हरकत नाही. ऱ्हाइनकाठी ज्या कथेने हजारो खऱ्या मृत्यूंचा अर्थ लावला, ती येथे टाळ-मृदंगाच्या साथीत भक्तिकथा होऊन राहिली. हे काहींना उथळ वाटेल. प्रस्तुत लेखकाला ते भाग्य वाटते.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतील नरिमन हाउसमध्ये परदेशातून आलेल्या हल्लेखोरांनी यहुदी म्हणून माणसे वेचून मारली, हा या इतिहासातील रक्तलांछित अपवाद.

मग छळ नसताना बलिदानाची कथा कशातून निर्माण होते? बेने इस्रायल जीवनावरील कादंबऱ्यांत ती निघून जाण्यातून होते. १९४८ नंतर सुमारे वीस हजारांच्या या समाजातील बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली. कोणी हाकलले नव्हते. फौजदाराचा हुकूम नसताना अब्राहामाला दिलेली ‘देश सोड’ ही आज्ञा पाळावी काय, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहिला. मीरा महादेवन (माहेरच्या मिरियम जेकब मेंद्रेकर) यांची ‘अपना घर’ (१९६१) ही हिंदी कादंबरी, जी पुढे इंग्रजीत ‘शुलामिथ’ म्हणून आली, याच पेचावर उभी आहे. एकाच कुटुंबात पवित्र भूमीची ओढ असणारे आहेत आणि हीच भूमी आपली मानणारेही. घर नेमके कोणते हा प्रश्न शीर्षकातच आहे आणि तो विचारला जातो तो मुख्यतः स्त्रियांच्या अंगणात. जाणारा पुरुष श्रद्धेचे बोलतो. मागे राहणाऱ्या स्त्रीने काय अर्पण केले याची नोंद धर्मग्रंथात होत नाही. सारेची ती जुनी शांतता येथे पुन्हा ऐकू येते.

जे गेले त्यांच्यापुढे दुसरीच परीक्षा होती. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी-मंडळाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा निर्देश काढला. कोकणात ज्यांच्या यहुदीपणाविषयी कोणी शंका घेतली नव्हती त्यांना यरुशलेममध्ये तो सिद्ध करण्यास सांगितले गेले. आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे इस्रायलमध्ये अधिकृतपणे मान्य झाले. नावे विचारणारी, वंशावळ मागणारी ही चौकशी गोव्यातल्या चौकशीसारखी क्रूर मुळीच नव्हती. पण कादंबरीकाराला तिच्यात मोठे द्रव्य आहे, आणि ते अजून पुरेसे वापरले गेलेले नाही.

पुढची पिढी या विषयाकडे उरलेल्यांच्या बाजूने पाहते. सोफी ज्यूडा यांच्या ‘ड्रॉप्ड फ्रॉम हेवन’ (२००७) मधील कथा एका कल्पित गावातील बेने इस्रायल कुटुंबांच्या अनेक पिढ्यांवर आहेत. शीला रोहेकर यांची ‘मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा’ (२०१३) ही हिंदी कादंबरी विरळ होत गेलेल्या समाजाची गाथा सांगते. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ला इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार २०१० मध्ये मिळाला. येथे उल्लेखिलेल्या या कादंबऱ्या व कथा हिंदीत आणि इंग्रजीत आहेत. एकही मूळ मराठीत नाही. ज्यांची आडनावे कोकणातल्या गावांची, ज्यांच्या प्रार्थनांचा अर्थ मराठीत छापला गेला, ज्यांनी इस्रायलला गेल्यावरही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, त्यांची कादंबरी मराठीत का उभी राहिली नाही? शिक्षणाची भाषा बदलली, वाचकवर्ग परदेशी गेला, ही कारणे आहेतच. मराठी प्रकाशनविश्वाने या शेजाऱ्याकडे कथाविषय म्हणून पाहिले नाही, हेही एक कारण असावे. मराठी विभागांतील संशोधकांना कीर्तनांच्या जुन्या छापील पोथ्यांपासून कामाला आरंभ करता येईल.

‘बुक ऑफ रेचल’ची नायिका अलिबागकडच्या दांडा गावात एकटी राहते. मुले इस्रायलमध्ये आहेत. बंद पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट ती करते, दिव्यात तेल घालते; प्रकरणांच्या आरंभी तिच्या स्वयंपाकातल्या कृती येतात. त्या जमिनीवर विकासकाचा डोळा आहे आणि समाजातलेच काही जण विक्रीला अनुकूल आहेत. बाहेरचा कोणी शत्रू येथे नाही. देवाचे घर विकायला निघालेली माणसे घरचीच आहेत. रेचल मोर्चा काढीत नाही की प्राणही पणाला लावीत नाही. ती कागदपत्रे शोधते, वकील गाठते, मासळी तळते आणि पुन्हा झाडू हाती घेते. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ज्या दहांवर अब्राहामाने सदोमासाठी देवाला आणून ठेवले होते तेवढेच. दांड्यात उरली आहे ती एक बाई, आणि सिनेगॉगची किल्ली तिच्या कनवटीला आहे.